मूस

मूस (अल्सेस अल्सेस) हा हरणांच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी. अलास्का, कॅनडा, स्कँडिनेव्हिया आणि रशियातील थंड जंगलांत तो आढळतो. युरोपात त्याला एल्क म्हणतात. अलास्कातील थोराड नर खांद्यापाशी सुमारे २ मीटर उंच आणि ६०० किलोंहून अधिक वजनाचा असतो. आपल्याकडचा भरलेला सांबर त्याच्या निम्म्याने भरेल.

त्याचे पाय बेढब वाटावेत इतके लांब, आणि मान त्या मानाने आखूड. जमिनीलगतचा चारा खाताना त्याला कधीकधी पुढचे गुडघे टेकावे लागतात. पण लांडगे रुततात त्या बर्फातून तो पाय सरळ वर उचलत निघून जातो. बर्फ छातीला लागला, की मात्र त्याचेही हाल होतात.

ताशी ५५ किलोमीटर वेगाने धावू शकणारा हा प्राणी संकटात नेहमी पळतोच असे नाही. सुपीरियर सरोवरातील आयल रॉयल बेटावर १९५८ पासून लांडगे आणि मूस यांचा अभ्यास चालू आहे. तिथे दिसून आले, की पाय रोवून उभ्या राहिलेल्या धडधाकट मूसला लांडगे बहुधा सोडून देतात. पुढच्या पायाची एक लाथ लांडग्याचा जीव घेऊ शकते.

पाण्यात तर तो माहेरी आल्यासारखा वावरतो. कित्येक किलोमीटर पोहतो, तळाशी बुडी मारून पाणवनस्पती उपटतो. त्या वेळी नाकपुड्या मिटलेल्या असतात. ही खटपट बरीचशी सोडियमसाठी. झाडपाल्यात ते फारच कमी, पाणवनस्पतींत भरपूर. हिवाळ्यात तळी गोठली, की हीच ओढ त्याला बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर आणते. तिथे मोटारीची धडक पायांना बसते आणि अवजड धड थेट समोरच्या काचेवर कोसळते. स्वीडनमध्ये गाड्यांची अचानक वळण्याची चाचणी ‘एल्क टेस्ट’ म्हणून ओळखली जाते, ती यामुळेच.

पसरट शिंगे फक्त नरालाच. ती दर हिवाळ्यात गळतात आणि उन्हाळ्यात पुन्हा वाढतात. सप्टेंबर-ऑक्टोबर हा माजाचा काळ. नर खड्डा उकरून त्यात मुततो, त्याच चिखलात लोळतो आणि काही आठवडे जवळजवळ उपाशी राहतो. बऱ्याच भांडणांचा निकाल नुसती शिंगे दाखवूनच लागतो.

माजावरच्या नराइतकीच पाडसासोबतची मादीही धोकादायक. कान मागे पाडले, मानेवरचे केस ताठ झाले, की ती धावून येणार असे समजावे. अस्वलापुढे पळू नये म्हणतात. मूसपुढे मात्र खुशाल पळावे आणि जाड झाडाआड व्हावे.

एवढ्या दांडग्या प्राण्याला जेरीस आणते ती गोचीड. अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळे सौम्य होऊ लागल्यापासून एकेका मूसच्या अंगावर हजारो गोचिडी आढळतात. खाजेने तो अंग घासून केस झडवून घेतो, आणि वर्षभराची पिल्ले वसंताच्या तोंडावर रक्तक्षयाने मरतात.