गोव्याचा राज्यपक्षी घाटातच का?

गोव्याचा राज्यपक्षी कोणता असं विचारलं की लोक ‘बुलबुल’ म्हणतात आणि बोट दाखवतात कुंपणावर बसलेल्या शिपाई बुलबुलाकडे. खरा मानकरी वेगळाच. तो लालकंठी पिवळा बुलबुल. पणजी-म्हापशातल्या परसात तो येत नाही, त्यामुळे अनेक गोवेकरांनी त्याला फक्त चित्रात पाहिलेलं असतं. शेंडी नाही, डोकं काळंभोर, त्यात फिकट डोळा उठून दिसतो. पोट पिवळं, पाठ हिरवट आणि गळ्यावर माणकासारखा लाल डाग.

हा पक्षी पश्चिम घाटाबाहेर कुठेच नाही. त्याचा मुलूख साधारण गोव्याच्या आसपास सुरू होतो आणि दक्षिणेला केरळपर्यंत जातो, म्हणजे गोवा त्याच्या उत्तर टोकाला. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनी 1836 साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे बराच काळ त्याला आग्नेय आशियातल्या शेंडीवाल्या काळ्या डोक्याच्या बुलबुलाची उपजात मानत. स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली ती या शतकात.

त्याला लागतं ते सदाहरित आणि निमसदाहरित रान. लहान थव्याने तो झाडांच्या वरच्या फांद्यांत फिरतो, उंबरवर्गातली आणि इतर लहान फळं खातो, किडेही टिपतो. फळं गिळून बिया दुसरीकडे टाकणारे हे पक्षी रानाचे बिनपगारी माळीच. वीण जानेवारी ते ऑगस्ट, त्यातही मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल. गंमत अशी की उंचावर वावरणारा हा पक्षी घरटं मात्र दाट झुडपात घालतो. वाटीएवढं घरटं, बाहेरून पिवळट पानं कोळ्याच्या जाळ्याने चिकटवलेली. झुडपात वाळकं पान अडकलंय असंच वाटावं. म्हणून नुसती मोठी झाडं राखून खालचा झाडोरा साफ केला तर या पक्ष्याच्या काही कामाचं नाही.

असं रान गोव्यात टिकलं, त्याला इतिहास आहे. पोर्तुगीजांचं जुनं राज्य तिसवाडी, बार्देस, साष्टी या किनारी भागात होतं. सत्तरी, सांगे, काणकोणचा घाटमाथा त्यांच्याकडे आला तो उशिरा, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. देवरायांनीही हात दिला. सत्तरीतल्या बांबरची निरंकाराची राय तर जंगली जायफळाच्या दलदलीसाठी प्रसिद्ध आहे. सगळंच राखलं गेलं असं मात्र नाही. कुमेरी, म्हणजे रान तोडून-जाळून केलेली फिरती शेती होती, उतारांवर काजू चढला, 1880 च्या दशकात दूधसागरजवळून रेल्वे गेली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापासून डिचोली-सांग्यात लोहखनिजाच्या खाणींनी डोंगर उघडे पाडले.

मुक्तीनंतर काही वर्षांतच, 1960 च्या दशकाच्या अखेरीस, मोले, बोंडला आणि खोतीगाव अभयारण्यं झाली. सलीम अली आणि रॉबर्ट ग्रब यांची गोव्यातल्या पक्ष्यांची यादी 1976 मध्ये छापून आली. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्यं 1999 मध्ये जाहीर झाली आणि घाटाच्या बाजूने संरक्षित पट्टा जवळजवळ सलग झाला. माझ्या मते या पक्ष्याच्या दृष्टीने 1999 हेच सर्वांत महत्त्वाचं साल, राज्यपक्षी म्हणून मिळालेल्या मानापेक्षाही.

आजचा वाद याच सलगतेचा आहे. मोलेतून रेल्वेचा दुसरा रूळ, महामार्गाचं चौपदरीकरण आणि उच्चदाबाची वीजवाहिनी अशा तीन प्रकल्पांविरुद्ध 2020 मध्ये गोव्यातले विद्यार्थी, कलाकार, वकील एकवटले. घोषणा होती ‘आमचें मोलें’. सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रेल्वे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. जुलै 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने याच पट्ट्यात व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला. वाघासाठी आखलेल्या हद्दीत बुलबुलाचंही रान येतं. राज्य सरकार मात्र या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं.