चुकून उडालेल्या सिस्टम फाइली परत आणणे

कॉम्प्युटर सुरू व्हायला आणि सुरू राहायला ज्या फाइली लागतात त्या चुकून डिलीट झाल्यावर मशीन परत उभं करायची जी काही खटपट असते ती म्हणजे हा विषय. मुंबईत याला सरसकट "विंडोज उडाली" म्हणतात आणि त्यावरचा उपायही सरसकट एकच, "फॉरमॅट मार". ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने पत्ता विचारलात तर समोरचा दोन मिनिटं विचार करेल) हे काम रोजचंच आहे. पण फॉरमॅट हा शेवटचा उपाय, पहिला नाही, कारण सिस्टम फाइल ही गेली तर भरून येणारी वस्तू आहे, तीच फाइल त्याच व्हर्जनच्या दुसऱ्या मशीनमध्ये, आयएसओमध्ये (विंडोज बसवायच्या डिस्कची एका फाइलीतली प्रत), मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर जशीच्या तशी पडलेली असते. तुमच्या दुकानाचा टॅलीचा डेटा आणि मुलीच्या बारशाचे फोटो मात्र जगात तेवढेच असतात आणि घाईघाईत केलेल्या फॉरमॅटमध्ये नेमके तेच जातात.

लोक मुळात या फाइलींना हात का लावतात, तर बहुतेक वेळा सी ड्राइव्ह लाल झाला म्हणून. १२८ जीबीची एसएसडी, त्यात विंडोज, ऑफिस, व्हॉट्सॲपचे व्हिडिओ, मग माणूस सगळ्यात जाड फोल्डर शोधतो आणि त्याला दिसतो विनएसएक्सएस. हा फोल्डर दिसतो तेवढा मोठा नसतो, त्यातल्या बऱ्याच फाइली हार्ड लिंक आहेत म्हणजे एकच फाइल दोन ठिकाणी मोजली जाते, आणि वर हेच विंडोजचं स्वतःचं सुट्या भागांचं कोठार, दुरुस्ती इथूनच होते, ते उडवलं की दुरुस्तीचं सामानच गेलं. जागाच करायची असेल तर डिस्क क्लीनअपमधून विंडोज डॉट ओल्ड (आधीच्या विंडोजच्या उरलेल्या फाइली) काढा, हायबरनेट बंद करून हायबरफिल (त्याचीच मोठी फाइल) काढा, त्यानेच बरेच जीबी मोकळे होतात.

दुसरं कारण अफवा. २००१ मध्ये एसयूएलएफएनबीके आणि २००२ मध्ये जेडीबीजीएमजीआर या दोन फाइलींबद्दल जगभर ईमेल फिरले की हा व्हायरस आहे, शोधा आणि डिलीट करा, सगळ्या मित्रांना कळवा. दुसऱ्या फाइलचं चित्र टेडी बेअरचं होतं त्यामुळे लोकांना पटलंही. दोन्ही विंडोजच्याच साध्या फाइली होत्या, लोकांनी स्वतःच्या हाताने उडवल्या. कधी अँटीव्हायरसच चुकतो, एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटने एक्सपीमधली एसव्हीसीहोस्ट ही अत्यंत गरजेची फाइल व्हायरस समजून बाजूला काढली आणि मशीनं परत परत रीस्टार्ट होत बसली.

आता मशीन चालू असतानाच चूक लक्षात आली तर रीस्टार्ट करू नका. एवढं पाळलं तरी अर्धं काम होतं. आधी रिसायकल बिन बघा, तिथे असेल तर रिस्टोअर करा, विषय संपला. शिफ्ट दाबून डिलीट केली असेल तर बिनमध्ये काही येत नाही, मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एसएफसी स्कॅननाऊ चालवायचं, ते प्रत्येक संरक्षित फाइल तपासून खराब किंवा गायब असलेली विनएसएक्सएसच्या त्या कोठारातून परत बसवतं. कोठारच खराब असेल तर आधी डिस्म रिस्टोअरहेल्थ ही दुसरी कमांड, ते विंडोज अपडेटमधून चांगल्या प्रती आणतं, नेट नसेल तर आयएसओ दाखवायची, आणि मग परत एसएफसी. तेही जमलं नाही आणि विंडोज अजून उघडतंय तर त्याच व्हर्जनची आयएसओ उघडून आतूनच सेटअप चालवायचा, फाइली आणि ॲप्स ठेवा म्हणायचं, सगळी विंडोज नवी होते आणि टॅली जागेवर राहते. हा उपाय इतका चांगला असून काउंटरवर कोणी सुचवत नाही, कारण त्याला वेळ लागतो आणि फॉरमॅट पटकन होतं.

सुरूच होत नसेल तर दोन-तीन अयशस्वी प्रयत्नांनंतर विंडोज आपणहून रिकव्हरीची निळी स्क्रीन दाखवते, नाही दाखवली तर बूटेबल पेनड्राइव्ह (ज्यावरून मशीन सुरू करता येतं असा). तिथे स्टार्टअप रिपेअर, सिस्टम रिस्टोअर (हे विंडोज एमईपासून आहे) आणि कमांड प्रॉम्प्ट मिळतो. एक जुना सल्ला अजून फिरतो की रेगबॅक फोल्डरमधून रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची वही) कॉपी करा, तो विंडोज १० च्या १८०३ व्हर्जनपासून निकामी आहे, तिथे आपोआप बॅकअप पडणं मायक्रोसॉफ्टने बंद केलं, फाइली दिसतात पण शून्य केबीच्या.

दुकानात मशीन देताना "डी ड्राइव्हला हात लावू नका" एवढं सांगून लोक निश्चिंत होतात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळं सी मध्येच असतं आणि टॅलीचा डेटासुद्धा कोणी मुद्दाम हलवला नसेल तर सी मध्येच. गिरगाव-दादरच्या डीटीपीवाल्यांचे गोळा केलेले मराठी फॉन्टही सी मधल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये, आणि ते एसएफसीने परत येत नाहीत कारण ते विंडोजचे नाहीतच. विंडोजच्याच मंगल या देवनागरी फॉन्टचं तेवढं सोपं, विंडोज १० पासून तो सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून परत टाकता येतो. त्यामुळे आधी डिस्क दुसऱ्या मशीनला लावून डेटा काढायचा, मग बाकीचं. स्वतःच्या फाइलीच उडाल्या असतील तर हार्ड डिस्कवर त्या नवीन काही लिहिलं जाईपर्यंत बऱ्याचदा सापडतात, टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही फुकट सॉफ्टवेअरं त्यासाठीच आहेत, पण रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर डाउनलोड करायचं नाही. एसएसडीवर आशा कमी, ट्रिम नावाची सोय मोकळी झालेली जागा लगेच साफ करायला सांगते, विंडोजमध्ये ती २००९ च्या विंडोज ७ पासून आहे.

लिनक्स हा इंजिनीअरिंगच्या पोरांचा प्रांत, तिथे रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन फाइली उडवणारी एक आरएम कमांड चुकली की बिन वगैरे काही मध्ये येत नाही. पण उघडं टर्मिनल जपलं तर बरंच वाचतं, कारण चालू प्रोग्रामने धरलेली फाइल डिलीट झाली तरी तो प्रोग्राम बंद होईपर्यंत डिस्कवर असते, प्रॉक फोल्डरमधून तिची कॉपी काढता येते. १९८६ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात एका व्हॅक्स मशीनवर (लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं त्या युनिक्सवर चालणाऱ्या) अर्धी सिस्टम अशीच उडाली, फाइलींची यादी दाखवणारी एलएस कमांडसुद्धा उरली नव्हती, पण एकाचा ईमॅक्स एडिटर उघडा होता. त्यातून त्यांनी असेम्ब्लीत (मशीनच्या अगदी जवळच्या भाषेत) छोटासा प्रोग्राम लिहून टीएमपी फोल्डरचं नाव बदलून ईटीसी (उडालेला सेटिंग्जचा फोल्डर) केलं, नेटवर्कवरून फाइली आणल्या आणि मशीन परत उभं केलं. आज एवढं करावं लागत नाही, लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालू करून सीएचरूट करायचं (म्हणजे बिघडलेल्या सिस्टमच्या आत शिरायचं) आणि पॅकेजेस परत टाकायची. मॅकवर तर २०२० च्या बिग सरपासून सिस्टमचा भाग सीलबंदच असतो.

नवीन लॅपटॉपवर खरी अडचण बिटलॉकरची, म्हणजे ड्राइव्हला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या एन्क्रिप्शनची. ड्राइव्ह एन्क्रिप्ट असेल तर डिस्क दुसऱ्या मशीनला लावून उपयोग नाही आणि रिकव्हरीतूनही ४८ आकडी कीशिवाय आत जाता येत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळी पडली तेव्हा उपाय उलटा होता, सिस्टम ३२ च्या आतली एक फाइल मुद्दाम डिलीट करायची, पण अनेक ऑफिसांत त्या एका फाइलपर्यंत पोचायलाच आधी ही की शोधावी लागली. घरगुती लॅपटॉपची की बहुतेकदा ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने मशीन पहिल्यांदा सुरू केलं त्यात सेव्ह असते, आणि ते अकाउंट पुष्कळदा विकणाऱ्या दुकानातल्या मुलाने बनवून दिलेलं असतं, पासवर्ड त्यालाच माहीत.