कोलॅजन पावडर थेट गुडघ्यात जाते का?

"कोलॅजन पावडर दुधातून घ्या, थेट गुडघ्यात जाऊन झीज भरते." दिवसभर वावरात वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला हा निरोप पटणारच.

पण कोलॅजन हे प्रथिन. पोटात गेलं की वरणातल्या प्रथिनासारखेच त्याचे बारीक तुकडे होतात. ते कुठे लावायचे, हे शरीर ठरवतं. काही चाचण्यांत गुडघेदुखी थोडी कमी झाली खरी, पण त्यातल्या बऱ्याच चाचण्या कोलॅजन विकणाऱ्या कंपन्यांच्याच पैशाने झालेल्या. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरची गादी, भरून येते, याला ठोस पुरावा नाही.

आता डबा हातात घ्या. त्यावरचा १४ आकडी परवाना खाद्यपदार्थाचा असतो, औषधाचा नव्हे. आणि कोलॅजन निघतं मासळीच्या, गुराढोरांच्या कातडी-हाडांतून. डब्यावर हिरवा ठिपका असेल, तर आत बहुधा कोलॅजन नाहीच! माळकरी घरांनी तर हे आधी बघावं. मासळीची ॲलर्जी किंवा किडनीचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.