अल्पसंख्याक आयोगाकडे तक्रार करायची आहे? आधी पोच घ्या

मुस्लिम म्हणून कुणावर अन्याय झाला की कोल्हापुरात सल्ला ठरलेला: ‘थेट आयोगाकडं जावा.’ पण जिथं दाद मागता येते तिथं आधी मागितलीच नसेल, तर राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग सहसा तक्रार घेत नाही.

दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) असेल तर कोणत्याही ठाण्यात, हद्दीचा वाद न घालता, फिर्याद नोंदवून घ्यावी लागते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 173). एफआयआरची प्रत फुकट मिळते. टाळाटाळ झाली तर तीच हकीकत पोलीस अधीक्षकांना पोस्टाने कळवा, तिथंही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. प्रकरण महापालिकेचं किंवा दुसऱ्या कचेरीचं असेल तर अर्ज आवक विभागात द्या, दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘साहेब जेवायला गेलेत’ हे कारण चालत नाही. पोच द्यायला साहेब लागत नाहीत.

मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन यांना आयोगाकडे जाता येतं. फी नाही. घटना वर्षाच्या आतली हवी. निनावी, मोघम किंवा न्यायप्रविष्ट तक्रार बाद होते. ‘आम्हाला नेहमी त्रास देतात’ हे मोघम. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोण काय बोललं, अर्ज कुणी नाकारला, आता नेमकं काय हवं, हे लिहा. अर्ज आयोगाच्याच नावे करा. दुसऱ्याला लिहून ‘माहितीसाठी प्रत’ पाठवली तर ती धरत नाहीत.

सोबत ओळखपत्र, पोच घेतलेल्या प्रती, एफआयआर, पंचनामा, फोटो. व्हिडिओ ज्या मोबाईलवर काढला तो मोबाईल जपा. ग्रुपवर फिरून आलेली क्लिप कोर्टात लंगडी पडते.

आयोग अधिकाऱ्यांना बोलावतो, कागद मागवतो, शिफारस करतो. शिक्षा देत नाही. मुंबईत राज्य आयोगही आहे, 2004 च्या कायद्याने झालेला.

वकील परवडत नसेल तर कसबा बावड्यातल्या न्याय संकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, हेल्पलाइन 15100. वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल तर वकील मोफत. बायकांना उत्पन्नाची अट नाही, आणि विशाळगडाजवळच्या गजापुरात 14 जुलै 2024 ला घरं-मशीद फोडली तशा हिंसाचारात होरपळलेल्यांनाही मोफत वकिलासाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे.

18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, त्यामुळे रिटसाठी (सरकारी कारभाराविरुद्ध थेट उच्च न्यायालयात करायच्या अर्जासाठी) मुंबई गाठायला नको. मात्र रिट दाखल झाली की तोच विषय आयोगापुढे टिकत नाही, तेव्हा कुठं जायचं ते वकिलाशी बोलून आधीच ठरवा.