डिफेन्सिव्ह टॅकलची ड्राफ्टपूर्व पारख

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावफळीच्या मधोमध खेळणाऱ्या खेळाडूला डिफेन्सिव्ह टॅकल म्हणतात. विद्यापीठांच्या संघांतून खेळणाऱ्या अशा खेळाडूंपैकी व्यावसायिक पातळीवर कोण टिकेल, तो कोणत्या रचनेत बसेल आणि त्याच्यासाठी ड्राफ्टमधली कितवी निवड खर्च करावी, हे ठरवण्याच्या पद्धतीला ड्राफ्टपूर्व पारख म्हणता येईल. नॅशनल फुटबॉल लीग म्हणजेच एनएफएलचे ३२ संघ दर एप्रिलमध्ये सात फेऱ्यांत नवे खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. शालेय शिक्षण संपून किमान तीन वर्षे झालेला खेळाडूच या निवडीला पात्र ठरतो. त्यामुळे संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्या स्काउट मंडळींना त्याचे दोन-तीन मोसम पाहायला मिळतात.

या जागेची पारख बाकीच्या जागांहून अवघड आहे, कारण डिफेन्सिव्ह टॅकलचे सर्वांत मोलाचे काम बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नावावर जमा होते. समोरच्या दोन खेळाडूंना तो एकटा अंगावर घेतो, म्हणून मागचा लाइनबॅकर मोकळा राहतो आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडतो. नोंदवहीत ‘टॅकल’, म्हणजे पाडल्याची नोंद, लागते ती लाइनबॅकरच्या खात्यात. म्हणून आकड्यांपासून सुरुवात करणारा स्काउट या जागेवर हमखास फसतो. आधी चित्रफीत आणि मग आकडे, हाच इथला योग्य क्रम आहे.

कोणत्या जागेसाठी पारख

‘डिफेन्सिव्ह टॅकल’ या एका नावाखाली निदान दोन वेगळे व्यवसाय येतात. फळीतली जागा ‘टेक्निक’च्या आकड्याने सांगितली जाते. आक्रमक फळीच्या मधल्या सेंटरच्या थेट समोर उभा राहणारा शून्य टेक्निक, सेंटरच्या खांद्याशी उभा राहणारा एक टेक्निक आणि सेंटरशेजारच्या गार्डच्या बाहेरच्या खांद्याशी उभा राहणारा तीन टेक्निक. शून्य आणि एक या जागांवरच्या खेळाडूला नोज टॅकल म्हणतात. दोघांचा रेटा येऊनही त्याने जागा सोडायची नाही, ही त्याच्याकडून पहिली अपेक्षा असते. तीन टेक्निककडून मात्र गार्ड आणि त्याच्या बाहेरचा ऑफेन्सिव्ह टॅकल यांच्यामधल्या फटीतून घुसून पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकपर्यंत पोचण्याची अपेक्षा असते.

यात आणखी एक भेद आहे. काही संघ प्रत्येकाला एकच फट सांभाळायला देतात, तर काही संघांत समोरच्या खेळाडूला हातांनी धरून त्याच्या दोन्ही बाजूंच्या फटींवर नजर ठेवावी लागते. पहिल्या पद्धतीत चपळ खेळाडू खुलतो, दुसरीत लांब हातांचा आणि वजनदार. एकाच खेळाडूला एका संघाच्या यादीत पहिल्या फेरीची किंमत असते आणि दुसऱ्याच्या यादीत तिसऱ्या फेरीची, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. ‘हा चांगला आहे का’ यापेक्षा ‘हा आपल्याकडे काय करेल’ हा प्रश्न स्काउटला अधिक उपयोगी पडतो.

चित्रफितीत काय पाहतात

पहिली गोष्ट म्हणजे सुटका, ज्याला मैदानावर ‘गेट-ऑफ’ म्हणतात. सेंटरच्या हातातला चेंडू हलताच, म्हणजे स्नॅप होताच, खेळाडू किती लवकर हलतो, हे फळीतल्या सगळ्यांच्या आधी की सगळ्यांच्या नंतर अशा तुलनेने पाहिले जाते. बचावफळीच्या खेळाडूला क्वार्टरबॅकचा इशारा ठाऊक नसतो, समोरच्याला असतो. हा तोटा ज्याची नजर भरून काढते, तो अर्धी लढाई तिथेच जिंकतो.

दुसरी गोष्ट खांद्यांची उंची. कुस्तीत जो पैलवान समोरच्याच्या खाली शिरतो त्याचा जोर लागतो, तसेच इथेही आहे. स्नॅपनंतर जो सरळ उभा राहतो तो कितीही वजनाचा असला तरी मागे ढकलला जातो. थकल्यावर ही सवय सर्वांत आधी मोडते. म्हणून जाणते स्काउट पहिल्या सत्रातल्या चार चमकदार खेळींपेक्षा शेवटच्या सत्रातल्या साध्या खेळी अधिक बारकाईने पाहतात.

तिसरी गोष्ट हातांची. समोरच्याच्या छातीवर हात आधी कोणाचे पडतात आणि पडल्यावर तो काय करतो? विद्यापीठात निव्वळ ताकदीच्या जोरावर ‘बुल रश’ करून समोरच्याला मागे लोटणारे पुष्कळ असतात. व्यावसायिक गार्ड मात्र त्या एका डावाला आठवड्याभरात उत्तर शोधतो. खांद्यावरून हात फिरवून जाणारा ‘स्विम’, काखेखालून वर उसळणारा ‘रिप’ किंवा समोरच्याचा हात झटकणारा ‘क्लब’ यांपैकी निदान दोन डाव हातात असावेत, आणि पहिला फसला तर दुसरा लगेच सुरू व्हावा, असे पाहिले जाते.

डबल टीम ही मात्र माझ्या मते खरी कसोटी. सेंटर आणि गार्ड मिळून एकाच टॅकलवर तुटून पडतात तेव्हा काही जण मागे सरकतात, काही जण गुडघा टेकून तिथेच ढीग करतात आणि क्वचित एखादा दोघांमधून वाट काढतो. गुडघा टेकणाऱ्याने काहीच केले नाही असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात त्याने धावेची वाट बुजवलेली असते.

आकड्यांचे स्थान

मिसिसिपी स्टेटचा ख्रिस जोन्स २०१५च्या मोसमात फक्त अडीच सॅक, म्हणजे पास जाण्याआधी क्वार्टरबॅकला पाडल्याच्या नोंदी, करू शकला. ड्राफ्टमध्ये तो दुसऱ्या फेरीत, एकूण ३७व्या क्रमांकावर गेला. पुढे कॅन्सस सिटी चीफ्सकडून २०१८ या एकाच मोसमात त्याने साडेपंधरा सॅक केले आणि संघाच्या तीन सुपर बोल विजयांत मोठा वाटा उचलला. क्वार्टरबॅकला पाडले नाही तरी त्याला जागेवरून हलवले, घाईत पास टाकायला लावले, या ‘प्रेशर’च्या नोंदी सॅकपेक्षा भरवशाच्या मानतात, त्या अशाच उदाहरणांमुळे.

उलट टोकाला नेब्रास्काचा नडामुकन सू आहे. २००९च्या मोसमात त्याने १२ सॅक केले. त्यांतले साडेचार बिग ट्वेल्व्ह या विद्यापीठ-गटाच्या अंतिम सामन्यात, टेक्ससविरुद्ध. विद्यापीठांतल्या सर्वोत्तम खेळाडूसाठीच्या हाइझमन करंडकाच्या मतदानात तो चौथा आला, आणि बचावफळीच्या मधल्या खेळाडूला असा मान फार क्वचित मिळतो. इथे आकडे आणि चित्रफीत एकच गोष्ट सांगत होते. २०१०च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले आणि ओक्लाहोमाचा जेराल्ड मकॉय तिसऱ्या क्रमांकावर टँपा बेकडे गेला. दोघेही उत्तम निघाले. पण त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत, १२०व्या क्रमांकावर सिनसिनाटीने घेतलेला जॉर्जियाचा जीनो अॅटकिन्स आठ वेळा प्रो बोल या मोसमातल्या निवडक खेळाडूंच्या संघात निवडला गेला. सू पाच वेळा, मकॉय सहा वेळा. तीन खेळाडूंत उंचीने सर्वांत कमी होता तो अॅटकिन्स.

उंचीचा पूर्वग्रह

अॅटकिन्सच्या निवडीला झालेला उशीर हा अपवाद नव्हता. छोट्या टेक्सस ए अँड आय विद्यापीठातून आलेला जॉन रँडल १९९०मध्ये कोणत्याही फेरीत निवडला गेला नाही, कारण त्याचे वजन आणि उंची दोन्ही या जागेच्या मापात बसत नव्हती. मिनेसोटा व्हायकिंग्जने त्याला ड्राफ्टबाहेरून घेतले. त्याने कारकिर्दीत एकशे साडेसदतीस सॅक केले आणि २०१०मध्ये प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला.

एवढे होऊनही २०१४मध्ये तीच चर्चा पुन्हा झाली. पिट्सबर्ग विद्यापीठाचा ॲरन डोनाल्ड २०१३च्या मोसमात साडेअठ्ठावीस वेळा प्रतिस्पर्ध्याला खेळी सुरू झालेल्या रेषेमागे पाडून आला होता. त्यात ११ सॅक होते. आउटलँड, लोम्बार्डी, बेडनारिक आणि नागर्स्की हे विद्यापीठ फुटबॉलमधले चारही पुरस्कार त्याला मिळाले. सीनियर बोल या ड्राफ्टपूर्व प्रदर्शनी सामन्याच्या सरावात गार्डना तो अडवताच येत नव्हता. कम्बाइन या ड्राफ्टपूर्व चाचणी शिबिरात त्याने ४० यार्डांचे अंतर ४.६८ सेकंदांत कापले. तरीही त्याची उंची सहा फूट पाऊण इंच आणि वजन सुमारे १२९ किलो, एवढ्यावर शंका घेतली गेली. सेंट लुइस रॅम्सनी त्याला १३व्या क्रमांकावर घेतले. त्याआधी त्याच संघाने दुसऱ्या क्रमांकावर एक ऑफेन्सिव्ह टॅकल घेतला होता. डोनाल्ड तीन वेळा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि २०२४मध्ये १११ सॅकवर निवृत्त झाला. ज्याच्या चित्रफितीत आठवडा बदलला तरी तोच खेळ दिसतो, त्याला मोजपट्टी लावून मागे ठेवणे ही या क्षेत्रातली सर्वांत महाग चूक आहे.

अर्थात उंचीचा प्रश्न निराधार नाही. लांब हात असलेला खेळाडू समोरच्याला आधी धरतो, आणि दोन फटी सांभाळण्याच्या पद्धतीत तर त्याशिवाय चालत नाही. पण डोनाल्डकडे आखूड उंचीतून येणारा खालचा जोर होता आणि तो वापरण्याचे कौशल्यही होते. उंची कमी असणारा प्रत्येक जण डोनाल्ड नसतो, हेही स्काउटने स्वतःला सांगावे लागते.

कम्बाइन आणि सीनियर बोल

इंडियानापोलिसला १९८७पासून भरणाऱ्या कम्बाइनमध्ये मोजमापे आणि चाचण्या होतात. डिफेन्सिव्ह टॅकलच्या बाबतीत ४० यार्डांच्या पूर्ण वेळेपेक्षा पहिल्या १० यार्डांची वेळ जास्त महत्त्वाची, कारण सामन्यात त्याला सरळ रेषेत त्याहून लांब क्वचितच धावावे लागते. बेंच प्रेसमध्ये १०२ किलोंचे वजन किती वेळा उचलले ते मोजतात. हा आकडा दूरचित्रवाणीवर उठून दिसतो, पण खेळाशी त्याचे नाते सैल आहे. उभ्याने मारलेली लांब उडी मात्र पायांतला स्फोटक जोर सांगते.

मेम्फिसचा डोंटारी पो २०१२मध्ये सुमारे १५७ किलो वजनासह ४० यार्ड पाच सेकंदांच्या आत धावला आणि बेंच प्रेस ४४ वेळा केला. विद्यापीठातली त्याची कामगिरी मात्र बेताची होती. चीफ्सनी त्याला ११व्या क्रमांकावर घेतले आणि तो दोनदा प्रो बोलमध्ये पोचला. अशा निवडी फळतात तेव्हा त्यांची आठवण राहते. फसलेल्या निवडी विसरल्या जातात आणि चाचण्यांना त्यांच्या लायकीपेक्षा जास्त वजन मिळते.

अलाबामातल्या मोबील शहरी होणाऱ्या सीनियर बोलमध्ये सामन्यापेक्षा आधीच्या आठवड्यातला सराव महत्त्वाचा असतो. एक गार्ड आणि एक टॅकल समोरासमोर येतात, मदतीला कोणी नसते. छोट्या विद्यापीठाचा खेळाडू मोठ्या विद्यापीठांतल्या फळीसमोर काय करतो, हे इथेच दिसते. मात्र या सरावात घुसणाऱ्या डिफेन्सिव्ह टॅकलला फायदा असतो, धाव अडवण्याची कसोटी तिथे लागत नाही.

सोबत्यांचा प्रश्न

२०२१च्या जॉर्जिया संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि २०२२च्या ड्राफ्टमध्ये त्याच्या बचावातले पाच खेळाडू पहिल्याच फेरीत गेले. त्यांतला जॉर्डन डेव्हिस सहा फूट सहा इंच उंच आणि सुमारे १५५ किलोंचा होता. तेवढ्या वजनासह त्याने कम्बाइनमध्ये ४० यार्ड ४.७८ सेकंदांत कापले. आउटलँड आणि बेडनारिक हे दोन्ही पुरस्कार त्याच्याकडे होते. तरीही त्याच्याबद्दल एक रास्त प्रश्न होता : पासच्या खेळींत त्याला बरेचदा बाहेर बसवले जाई, मग व्यावसायिक सामन्यात तो किती खेळी टिकेल? आणि शेजारी एवढे चांगले सोबती असताना त्याचे स्वतःचे श्रेय किती? फिलाडेल्फियाने दोन जागा वर सरकून त्याला १३व्या क्रमांकावर घेतले, आणि पुढच्या वर्षी त्याच फळीतला जेलन कार्टर नवव्या क्रमांकावर त्याच संघात आला. अशा भरगच्च फळीतला माणूस पारखताना त्याच्यावर डबल टीम किती वेळा आली हे मोजावे लागते. सोबत्यांमुळे त्याला एकेकट्याशी झुंजायला मिळाले असेल, तर त्याच्या यशातून तेवढा भाग वजा करायला हवा.

वैद्यकीय तपासणी आणि वर्तन

कम्बाइनचा संघांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग कॅमेऱ्यापुढे होत नाही. युटाहच्या स्टार लोटुलेलेच्या हृदयाबद्दल २०१३मध्ये तिथल्या तपासणीत शंका आली. नंतरच्या तपासण्यांत तो तंदुरुस्त ठरला आणि कॅरोलायनाने त्याला १४वे स्थान दिले. जेफ्री सिमन्सचा गुडघा २०१९च्या फेब्रुवारीत, ड्राफ्टच्या तोंडावर दुखावला. टेनेसीने थांबायची तयारी ठेवून त्याला १९व्या क्रमांकावर घेतले, आणि तो धीर योग्य ठरला.

वर्तनाच्या बाबतीत मायामीच्या वॉरन सॅपचे नाव अजून निघते. १९९५च्या ड्राफ्टच्या तोंडावर अमली पदार्थांच्या चाचण्यांविषयी बातम्या आल्या आणि तो १२व्या क्रमांकापर्यंत घसरला. टँपा बेकडून खेळून तो २०१३मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

पद्धतीचा विकास

एनएफएलचा पहिला ड्राफ्ट १९३६मध्ये फिलाडेल्फियात झाला, तेव्हा संघांजवळ वर्तमानपत्रांतली माहिती आणि ओळखीच्या प्रशिक्षकांचा शब्द एवढेच होते. पद्धतशीर पारखीकडे वळण घेतले ते डॅलस काउबॉइजने, १९६०च्या दशकात. त्यांचे संगणकीय मूल्यमापन रचणारे सलाम कुरेशी हे भारतात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ होते, आयबीएमच्या एका उपकंपनीत काम करणारे. प्रशिक्षकांच्या मोघम स्तुतीला त्यांनी गुणांची शिस्त लावली. स्वभाव, चपळता, स्पर्धावृत्ती, सावधपणा, ताकद अशा गुणांना वेगवेगळे अंक देण्याची सवय तिथून रुजली. या खेळाची फारशी ओळख नसलेल्या माणसाने हे करून दाखवावे, ही गोष्ट आजही अभ्यासण्यासारखी आहे. त्याच डॅलसने १९७५मध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला रँडी व्हाइट सुरुवातीला लाइनबॅकरच्या जागेवर जमला नाही. १९७७मध्ये त्याला टॅकलच्या जागी आणल्यावर तो हॉल ऑफ फेमच्या तोडीचा खेळाडू झाला. खेळाडू तोच, जागा वेगळी.

विद्यापीठातला खेळ व्यावसायिक खेळाहून वेगळा असल्याने काही वजाबाकी नेहमीच करावी लागते. तिथे आक्रमक फळीच्या खेळाडूंना पासच्या आधी तीन यार्डांपर्यंत पुढे जाता येते, व्यावसायिक पातळीवर एकच यार्ड. त्यामुळे धाव आणि पास यांची सरमिसळ करणारे झटपट डाव विद्यापीठात पुष्कळ चालतात. टॅकल फट फोडून आत येईपर्यंत चेंडू गेलेला असतो आणि त्याच्या खात्यावर काहीच चढत नाही. अलीकडे विद्यापीठ बदलणे सोपे झाल्यापासून एकाच खेळाडूच्या दोन-तीन संघांतल्या, दोन-तीन वेगळ्या रचनांतल्या चित्रफिती पाहाव्या लागतात. वयही पाहावे लागते : २३-२४ वर्षांचा टॅकल १९ वर्षांच्या गार्डला लोळवतो तेव्हा स्काउट त्याच खेळाडूच्या दोन वर्षांपूर्वीच्या फिती मागवतो आणि तेव्हा त्याने काय केले होते ते शोधतो.