गाडीचा बेस जातो कुठे?

कंपनीतून आलेल्या कार स्टिरिओचा आवाज पोकळ वाटला की निदान ठरलेलं असतं: स्पीकर फालतू आहेत. मग ॲक्सेसरीजच्या दुकानातून खोक्यावर '३०० वॉट' छापलेली जोडी येते आणि अर्ध्या तासात बसते. टाळ-झांजा खणखणीत ऐकू येतात, पण बेस होता तिथेच राहतो. कधी तर आधीपेक्षाही कमी होतो, कारण नव्या स्पीकरचा कोन (पुढेमागे हलणारा शंकूसारखा पडदा) जड आणि त्याची रबरी कड ताठ असते. दोष बहुतेक वेळा स्पीकरचा नसतोच, तो ज्या दारात बसवलाय त्या दाराचा असतो.

आधी वॉटचा हिशेब संपवू. स्टिरिओवर '५० वॉट × ४' लिहिलेलं असतं. त्याच्या मागचा फ्यूज बघा, बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असेल. इंजिन चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट मिळतात, म्हणजे १० अँपिअरच्या फ्यूजमधून सतत जाऊ शकतात १४४ वॉट. आतला नेहमीचा ॲम्प्लिफायर त्यातले जवळपास निम्मे उष्णतेत घालवतो. उरले ७२, त्याचे चार वाटे केले तर प्रत्येक स्पीकरला १८. फ्यूज १५ अँपिअरचा असला तरी फार फरक पडत नाही, कारण १४.४ व्होल्टवर चालणारी चिप ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ असे वीसेक वॉटच देऊ शकते. '१००० वॉट पीएमपीओ' (क्षणभराच्या कमाल शक्तीचा दावा) हा आकडा भौतिकशास्त्राचा नाही, छापखान्याचा आहे.

पण वीस वॉट कमी नाहीत. एका वॉटला एक मीटरवर ९० डेसिबल देणारा स्पीकर वीस वॉटला १०३ डेसिबल देतो. बंद गाडीत एवढ्याने कान किटतात. मग बेस जातो कुठे?

पाण्याने भरलेल्या बादलीत तळहात उभा धरून सावकाश मागेपुढे हलवा. पाणी ढकललं जात नाही, बोटांच्या कडेने वळसा घालून मागे जातं. आता हात झपकन हलवा. पाण्याला वळसा घालायला वेळच मिळत नाही आणि लाट उठते. स्पीकरचा कोन म्हणजे हा तळहात. तो पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. दोन्ही बाजूंना आवाज तयार होतो, पण एकमेकांच्या नेमका उलट. मागचा आवाज कडेने पुढे आला की पुढच्याला खोडून काढतो.

किती खोडतो, हे वळशाच्या लांबीवर ठरतं. आवाजाचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. १,००० हर्ट्झच्या लाटेची लांबी भरते ३४ सेंटिमीटर, १०० हर्ट्झच्या लाटेची ३.४ मीटर. उघड्या ६.५ इंची स्पीकरला पुढून मागे जाण्याचा वळसा साधारण १५ सेंटिमीटरचा धरू. ३४ सेंटिमीटरच्या लाटेपुढे हे अंतर मोठं आहे, त्यामुळे पुढचा आणि मागचा आवाज पोहोचेपर्यंत त्यांचं उलटेपण बरंचसं मोडलेलं असतं. ३.४ मीटरच्या लाटेपुढे मात्र १५ सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. अधिक एक आणि उणे एक जवळपास एकाच वेळी येतात, बेरीज शून्याकडे जाते.

आकड्यांची भीती नसेल तर सूत्रही छोटं आहे: उरलेला आवाज = २ × साइन (π × वारंवारता × वळसा ÷ आवाजाचा वेग). उत्तर १ आलं तर एकट्या पुढच्या बाजूइतका आवाज मिळतो. १५ सेंटिमीटरसाठी हे १ येतं ३८० हर्ट्झला. त्याखाली वारंवारता निम्मी झाली की आवाजाचा दाबही निम्मा होतो, म्हणजे दर सप्तकाला ६ डेसिबलची घसरण. ९५ हर्ट्झला जवळपास १२ डेसिबल गेलेले असतात. ही तूट वॉट वाढवून भरायची तर सोळापट शक्ती लागेल, वीसऐवजी ३२० वॉट. एवढे पैसे हवेला वळसा घालू देण्यासाठी मोजण्यापेक्षा वळसाच बंद केलेला बरा.

दार अर्थात पूर्ण उघडं नसतं, त्यामुळे तूट एवढी मोठी नसते. पण डोअर पॅड (दाराचं आतल्या बाजूचं आवरण) काढून आतला पत्रा बघितला तर काच वर-खाली करणाऱ्या मोटारीसाठी आणि कुलपासाठी ठेवलेली हातभर भोकं दिसतात. त्यावर असतो एक पातळ प्लॅस्टिकचा कागद. हा कागद पाणी अडवतो, बेस नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांत स्पीकर प्लॅस्टिकच्या पोकळ अडॅप्टरवर चार स्क्रूंनी टेकवलेला असतो आणि त्याच्या कडेने बोट जाईल एवढी फट राहिलेली असते. डग्ग्याचं भांडं खालून बंद असतं म्हणून पुडीच्या मागची हवा आतच कोंडून राहते. त्याच्या बुडाला अशी भोकं पाडली तर घुमारा टिकेल का?

खात्री करायची असेल तर पॅड काढल्यावर स्पीकरचे स्क्रू सोडा, तारा जोडलेल्याच ठेवा आणि स्पीकर हवेत धरून गाणं लावा. मोबाइलसारखा चिरका आवाज येईल. आता मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरच्या कोनाएवढं गोल भोक पाडून त्यावर स्पीकर घट्ट दाबा. वॉट तेवढेच, स्पीकर तोच, पण बेस परत येतो.

तेव्हा पहिलं काम वळसा बंद करण्याचं. त्यासाठी लागतं: ॲल्युमिनियमचा थर असलेली २ मिमी जाडीची ब्युटाइल डॅम्पिंग शीट (पत्र्याचा कंप मारणारी रबरी शीट) पुढच्या दोन दारांसाठी साधारण दीड चौरस मीटर (वजन पाचेक किलो), १ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा, स्पीकरखाली बसवायला दोन गोल कड्या, बंद पेशींच्या फोमची पट्टी आणि डोअर पॅडच्या दहा-बारा जादा क्लिपा. क्लिपा आधीच आणा. जुन्या त्यातल्या दोन-चार तुटतातच आणि मग नवी खडखड सुरू होते.

शीट घेताना एक सापळा आहे. हार्डवेअरच्या दुकानात गच्चीची गळती बंद करायची चांदीसारखी चिकटपट्टी मिळते. दिसायला तशीच आणि बरीच स्वस्त, पण ती बहुधा डांबराची असते. मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात उन्हात उभ्या गाडीच्या दाराचा पत्रा हाताला चटका देतो. तेव्हा हे डांबर मऊ होऊन ओघळतं, काचेच्या रुळावर जातं आणि गाडीभर वास पसरतो. ब्युटाइल म्हणजे रबर, ते जागेवर राहतं.

पॅड काढण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडा आणि काही मिनिटं थांबा. दारात पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगच्या यंत्रणेचा असतो, त्याला हात लावू नका. काही गाड्यांत बाजूच्या धडकेचा सेन्सर दाराच्या पोकळीतला दाब मोजतो. अशा दाराची भोकं आपल्या मनाने बुजवू नयेत, सर्व्हिस सेंटरला विचारूनच पुढे जावं.

बाहेरच्या पत्र्याला आतून टिचकी मारा. 'टण्ण' असा आवाज येईल. हा मिलिमीटरपेक्षाही पातळ पत्रा बेसच्या ठोक्याला स्वतःच्या सुरात वाजतो आणि गाण्यात नसलेला सूर मिसळतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धूळ-तेल पुसून स्पीकरच्या मागच्या भागावर आणि मधल्या सपाट जागेवर शीट चिकटवा. सगळा पत्रा मढवायची गरज नाही, पाव ते एक तृतीयांश भाग पुरतो. कंप मारण्याचं काम वजनापेक्षा घर्षण जास्त करतं: पत्रा वाकतो, वरचा ॲल्युमिनियमचा थर ताणायला नकार देतो, मधलं रबर दोघांमध्ये पिळलं जातं आणि कंपाची ऊर्जा उष्णता होते. म्हणून शीट रोलरने इतकी दाबायची की तिच्यावरची नक्षी सपाट व्हावी. नुसती हाताने थोपटलेली शीट म्हणजे दाराला लावलेलं ओझं. आता टिचकीला 'ढप्प' असं उत्तर यायला हवं.

आतल्या पत्र्याची मोठी भोकं नुसत्या शीटने झाकू नका, ती पडद्यासारखी आतबाहेर होते. भोकापेक्षा दोन सेंटिमीटर मोठा ॲल्युमिनियमचा तुकडा कापा, कडेला फोमची पट्टी लावा आणि स्क्रूने बसवा, म्हणजे पुढे काचेची मोटार बिघडली तर उघडता येईल. भोक पाडण्याआधी काच कुठून जाते ते बघा आणि ड्रिलच्या टोकाला टेप गुंडाळून खोली मर्यादित करा. नव्या भोकाच्या कडांना रंग लावा, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात गंज दिसतो. दाराच्या तळाची पाणी निचऱ्याची भोकं मात्र कधीही बुजवायची नाहीत. खिडकीच्या रबरातून दारात पाणी जातंच, दार तसंच बनवलेलं असतं.

स्पीकरखालची कडी एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) करू नये. कोकणात ती एका पावसात पावासारखी फुगते. १२ मिमीचं मरीन प्लाय (आयएस ७१० छापलेलं) रंगवून वापरा. स्वयंपाकघरातला जाड प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड कापून केलेली कडीही उत्तम, तिला ना गंज ना बुरशी. कडी आणि पत्रा, स्पीकर आणि कडी, दोन्हीकडे फोम हवा. काच पूर्ण खाली घेऊन मॅग्नेट तिला लागत नाही ना हे बघा. शेवटची पट्टी स्पीकरच्या पुढच्या कडेवर, पॅडच्या जाळीला टेकेल एवढ्या उंचीची. ही नसेल तर बराच आवाज पॅड आणि पत्रा यांच्या मधल्या पोकळीत शिरतो आणि क्लिपा वाजवत बसतो.

आता खडखड शोधा. मोबाइलवरून ३० ते २०० हर्ट्झपर्यंत सरकणारा सूर लावा आणि हाताने एकेक भाग दाबत जा. कुलपाच्या सळ्या, मोकळे कनेक्टर, नंबर प्लेट हे नेहमीचे गुन्हेगार. त्यांना कापडी टेप किंवा फोम पुरतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. तारा उलट्या जोडल्या तर एका दाराचा बेस दुसऱ्याचा खोडतो, गणित तेच. १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा. धन टोक धनाला असेल तर कोन बाहेर येतो. गाडीची मूळ वायरिंग कापू नका, कपलर मिळतात. मागच्या छोट्या स्पीकरना बेस झेपत नाही, तो भार काढायला तारेत २२० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (धन-ऋण टोकं ठरलेली नसलेला) कपॅसिटर टाका. ४ ओहमला तो १८० हर्ट्झच्या खालचा आवाज कमी करत जातो. नॉन-पोलर मिळाला नाही तर ४७० मायक्रोफॅरडचे दोन साधे कपॅसिटर ऋण टोकं एकमेकांना जोडून वापरा, मिळून २३५ होतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत हे चिल्लर भावात मिळतात.

सोन्याचा मुलामा दिलेल्या जाड केबलवर खर्च करण्याआधी एक भागाकार करावा. ०.५ चौरस मिमीच्या कंपनीच्या तारेचा जाऊन-येऊन सहा मीटरचा रोध ०.२१ ओहम. ४ ओहमच्या स्पीकरसमोर त्याने होणारी घट अर्ध्या डेसिबलहून कमी. कानाला ती कळत नाही, खिशाला कळते. केबलवर छापलेला दिशेचा बाण तर दर सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला दाखवलेला आहे.

इक्वलायझरवर बेस +६ ठेवण्याची सवय असेल तर आता सोडता येईल. ६ डेसिबल म्हणजे चौपट शक्ती. वीस वॉटचा ॲम्प्लिफायर मग बेसपुरता पाच वॉटचा होतो आणि आवाज थोडा वाढवला की लाटेची टोकं छाटली जाऊन कर्कशपणा येतो. सगळं शून्यावर आणून सुरुवात करा आणि जे खुपतं ते कमी करा.

पॅड परत बसवण्याआधी काच वर करून बाहेरून तिच्यावर दोन तांबे पाणी ओता. काही सेकंदांत ते दाराच्या तळाच्या भोकांतून टपकलं पाहिजे. आतल्या पत्र्यावर एखादा ओघळ दिसला तर त्या जागेची पट्टी काढा, कोरडं पुसून पुन्हा लावा आणि तिची वरची कड रोलरने दाबा. पाणी कायम वरच्या कडेनेच शिरतं.