ओल्या झबल्यातून पार होणारे ऊन

मे महिन्याच्या सुट्टीत कोकणात किंवा गोव्यात जाणाऱ्या कुटुंबांच्या सामानात बाळाच्या कपड्यांची एक ठरावीक तयारी असते. पातळ पांढरी सुती झबली, मलमलीची टोपडी आणि वरून पांघरायला एखादे दुपटे. उन्हाळ्यात बाळाला सुती, सैल आणि फिक्या रंगाचे घालावे हा सल्ला उकाड्याच्या दृष्टीने योग्यच आहे, आणि घरात किंवा दाट सावलीत तो तसाच पाळावा. मात्र उघड्या किनाऱ्यावर बाळाच्या त्वचेला उकाड्याखेरीज अतिनील किरणांनाही तोंड द्यावे लागते, आणि पातळ पांढरा सुती कपडा, विशेषतः भिजल्यावर, नेमका याच कामी अपुरा पडतो.

अतिनील किरणे डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्वचेला जाणवतही नाहीत. उन्हात जी ऊब लागते ती अवरक्त आणि दृश्य किरणांची असते. वातावरणातला ओझोन अतिनील किरणांपैकी सर्वांत घातक ‘सी’ गट पूर्णपणे अडवतो, २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या ‘बी’ गटाचा बराचसा भाग अडवतो आणि ३१५ ते ४०० नॅनोमीटरचा ‘ए’ गट जवळजवळ सगळाच खाली येऊ देतो. त्वचा लाल होणे, भाजणे हे मुख्यतः ‘बी’ गटाचे काम, तर ‘ए’ गटाची किरणे त्वचेत अधिक खोल जातात. समुद्रावर खारा वारा सुटलेला असतो, अंग गार वाटते, मूल पाण्यात आनंदाने बसलेले असते, आणि त्यामुळे ‘आज ऊन काही फार नाही’ असा आपला समज होतो. वाऱ्याने उष्णता कमी होते, अतिनील किरणे मात्र तसूभरही कमी होत नाहीत. पातळ ढगांनीही ती फारशी अडत नाहीत.

आपल्या किनाऱ्याची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. मेच्या पहिल्या पंधरवड्यात गोव्यापासून अलिबागपर्यंतच्या प्रत्येक गावावरून सूर्य एकेक करून बरोबर डोक्यावर येतो, आणि शाळांमधून ‘शून्य सावली दिवस’ म्हणून जो दाखवतात तो याच दिवसांतला असतो. सूर्य डोक्यावर असताना किरणांना वातावरणातून सर्वांत कमी अंतर कापावे लागते, म्हणून ती सर्वांत कमी शोषली जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अतिनील निर्देशांकात ११ आणि त्यापुढचे आकडे ‘अतितीव्र’ समजले जातात, आणि निरभ्र मे महिन्यातल्या दुपारी आपण त्याच पट्ट्यात असतो. त्यात घड्याळही थोडे फसवते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आहे आणि कोकण त्याच्या बरेच पश्चिमेला असल्याने तिथे खरी मध्यान्ह बाराला नव्हे, तर साडेबाराच्या सुमारास होते. त्यामुळे दुपारचे ऊन आपल्या अंदाजापेक्षा उशिरापर्यंत कडक राहते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तोवर किरणे तीव्र आहेत, असा एक सोपा ठोकताळा आहे. रत्नागिरीत मेच्या सुरुवातीला ही आखूड सावली सकाळी साधारण साडेनऊपासून दुपारी पावणेचारपर्यंत राहते. जेवण आटोपून तीन वाजता बाळाला घेऊन किनाऱ्यावर निघणे म्हणूनच मला घाईचे वाटते, साडेचारनंतर निघालेले बरे.

छत्री उभारली की काम झाले, असेही नाही. आखूड तरंगलांबीची किरणे हवेत जास्त विखुरतात. आकाश निळे दिसते ते याच कारणाने, आणि अतिनील किरणे तर निळ्या प्रकाशापेक्षाही अधिक विखुरतात. म्हणजे ती केवळ सूर्याच्या दिशेने नव्हे, तर सगळ्या आकाशातून उतरत असतात. शिवाय कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरणे परत वर फेकतो. बाळाला जिथे निजवायचे आहे तिथे आपण स्वतः क्षणभर आडवे होऊन वर पाहावे. जितके आकाश दिसते, तितक्या आकाशातून किरणे बाळापर्यंत पोहोचणार आहेत. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातली सावली सुखद असली तरी विरळ असते, झावळ्यांच्या दाट मांडवाखाली किंवा घराच्या पडवीत ती खरी सावली मिळते. पाण्यात उतरल्यानेही सुटका होत नाही, कारण अर्धा मीटर खोलीवरही पृष्ठभागावरच्या सुमारे ४० टक्के अतिनील किरणे पोहोचतात, आणि मुले तर गुडघाभर पाण्यातच खेळतात.

आता त्वचेकडे पाहू. तान्ह्या बाळाच्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मोठ्यांपेक्षा पातळ असतो आणि तिच्यातले मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारे द्रव्य, अजून पुरते तयार झालेले नसते, म्हणूनच सावळ्या आईबापांचे बाळही जन्मतः उजळ दिसते आणि पुढच्या काही महिन्यांत त्याचा मूळ वर्ण येतो. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेतले मेलॅनिन हे खरोखरीचे संरक्षण आहे आणि भारतीयांमध्ये त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण गोऱ्या वर्णाच्या लोकांपेक्षा पुष्कळच कमी आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवे. घाबरण्याचे कारण नाही. पण सावळी त्वचाही भाजते, फक्त तिच्यावरची लाली पटकन लक्षात येत नाही, आणि ‘मूल जरा काळवंडले, होईल ठीक’ म्हणून आपण जे सोडून देतो ते काळवंडणे म्हणजे पेशींमधल्या डीएनएला झालेल्या इजेला त्वचेने दिलेले उत्तर असते.

या सगळ्यावर पहिला उपाय कपडा आहे, मलम नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९८१ साली सुरू झालेल्या प्रसिद्ध जनजागृती मोहिमेतही पहिली सूचना अंगात शर्ट घालण्याची होती, सनस्क्रीन दुसऱ्या आणि टोपी तिसऱ्या क्रमांकावर होती. पुढे १९९६ साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी कपड्यांच्या अतिनील संरक्षणाचे जगातले पहिले मानक तयार केले, आणि त्यातला ‘यूपीएफ’ हा आकडा आज मुलांच्या पोहण्याच्या कपड्यांवर आपल्याकडेही छापलेला दिसतो. त्याचा अर्थ अगदी सरळ आहे. यूपीएफ ५० म्हणजे कापडावर पडलेल्या अतिनील किरणांपैकी पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के, आत पोहोचतो. साध्या पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टाचा यूपीएफ ५ ते ८ च्या आसपास असतो आणि भिजल्यावर तो ३-४ पर्यंत उतरू शकतो, म्हणजे पाव ते एक तृतीयांश किरणे थेट त्वचेवर जातात. मलमल त्याहूनही विरळ.

भिजल्यावर असे का होते? कोरड्या सुती कापडात तंतूंच्या मधल्या पोकळ्यांत हवा असते. एखाद्या पदार्थात शिरताना किरणे किती वळतात ते सांगणारा आकडा म्हणजे अपवर्तनांक. कापसाचा अपवर्तनांक १.५ च्या जवळपास आणि हवेचा १, त्यामुळे प्रत्येक तंतूच्या काठावर किरणे वळतात, विखुरतात आणि बरीचशी मागे फिरतात. कापड भिजले की हवेची जागा पाणी घेते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे कापसाच्या पुष्कळ जवळचा, त्यामुळे विखुरणे घटते आणि किरणे सरळ पार होतात. लाटेत बसून उठलेल्या मुलाचा पांढरा टी-शर्ट पाठीला चिकटलेला असतो तेव्हा त्यातून पाठीवरचा तीळही स्पष्ट दिसतो. जिथून तीळ दिसतो, तिथून ऊनही आत जाते.

विणीची घनता ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. कापड खिडकीसमोर धरून पाहावे आणि उजेड भोकाभोकांतून येत असेल तर ते किनाऱ्यावर घालू नये. ही चाचणी ढोबळ आहे, कारण दिसणारा प्रकाश आणि अतिनील किरणे यांना प्रत्येक धागा सारखाच वागवत नाही. पॉलिएस्टरच्या रेणूंमध्ये बेंझिनसारखी वलये असतात आणि ती ‘बी’ गटाची किरणे चांगली शोषतात. ब्लीच केलेला पांढराशुभ्र कापूस ती फारशी शोषत नाही, तर ब्लीच न केलेल्या मातकट कापसातली नैसर्गिक द्रव्ये थोडीफार शोषतात. गडद आणि भडक रंगांतले रंगद्रव्यही मदत करते. नवा सुती कपडा एक-दोनदा धुतल्यावर आटतो, वीण घट्ट होते आणि संरक्षण वाढते, पण पुढे जुना होऊन विरला की ते जाते. मोठ्या भावंडाचे झिजलेले टी-शर्ट समुद्रावर चालतील म्हणून बाजूला काढून ठेवण्याची आपली काटकसरी सवय इथे उपयोगाची नाही.

पाण्यात उतरणाऱ्या मुलासाठी म्हणूनच लांब बाह्यांचा, गळाबंद, नायलॉन किंवा पॉलिएस्टरमध्ये लायक्रा मिसळलेला पोहण्याचा सदरा आणि गुडघ्यापर्यंतची विजार उत्तम. तो अंगाबरोबर बसणारा हवा, कारण मूल मोठे झाले आणि सदरा ताणला गेला की टाके उघडतात आणि छापलेला आकडा खरा राहत नाही. रंग नारिंगी किंवा झळझळीत गुलाबी घ्यावा. निळा किंवा पांढरा सदरा पाण्यात आणि फेसात चटकन नजरेला पडत नाही, आणि समुद्रावर मूल नजरेसमोर असणे उन्हापेक्षाही महत्त्वाचे आहे.

कपड्याचा खरोखर किती उपयोग होतो, याचे चांगले उत्तर ऑस्ट्रेलियातल्याच टाउन्सव्हिल शहरातून मिळाले. विषुववृत्ताच्या उत्तरेला मुंबई जितकी दूर, जवळपास तितकेच हे किनारी शहर दक्षिणेला आहे. तिथल्या पाळणाघरांतल्या लहान मुलांवर एक नियंत्रित चाचणी झाली, ज्यात काही पाळणाघरांतल्या मुलांना अंग झाकणारे संरक्षक कपडे आणि टोप्या दिल्या गेल्या. पुढे त्या मुलांच्या अंगावर नवे तीळ कमी उगवल्याचे दिसून आले. गोऱ्या त्वचेवर तिळांची संख्या हा पुढच्या कर्करोगाच्या जोखमीचा एक निदर्शक असतो. ती मुले मुख्यतः गोरी होती, त्यामुळे तिथला फायदा इथे जसाच्या तसा लागू होणार नाही, पण लहानपणी घातलेल्या कपड्याचा परिणाम त्वचेवर मोजता येण्याइतका होतो, एवढे त्यातून निश्चित कळते.

टोपीच्या बाबतीत आपल्या कुंचीने मला नेहमी चकित केले आहे. कुंची डोके, कान आणि मान एकाच कापडात झाकत पाठीवर उतरते, आणि मागे झालर असलेली उन्हाची टोपी नेमकी याच घडणीची असते. खणाची, अस्तराची कुंची अर्थातच उन्हाळ्यात घालायची नाही, पण टोपी निवडताना तिचा आकार डोळ्यांसमोर ठेवावा. पुढेच छज्जा असलेली क्रिकेटची टोपी कान आणि मान उघडी टाकते. चालत्या मुलाला सगळीकडून रुंद कड असलेली टोपी चांगली, पण आडव्या बाळाच्या डोक्यामागे ती कड दुमडते आणि बाळ चिडते, त्याला मऊ कापडाची झालरीची टोपी बरी. हनुवटीखालची नाडी ओढ बसताच सुटणारी असावी.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. शरीराच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते आणि घामाने अंग गार ठेवण्याची यंत्रणा पुरती तयार नसते, त्यामुळे ऊन लागू नये म्हणून कपडे चढवत गेलो तर आपण उष्माघाताला वाट करून देतो. या वयाच्या बाळाला थेट उन्हात नेऊच नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि माझ्या मते किनाऱ्यावर त्याची वेळ सकाळी नवाच्या आधी किंवा संध्याकाळी पाचनंतरचीच असावी. बाबागाडीवर किंवा मांडीवरच्या बाळावर पूर्ण ओढणी टाकणे टाळावे. आत हवा खेळत नाही आणि पातळ ओढणीखालीही तापमान झपाट्याने वाढते. मानेच्या मागे बोटे लावून पाहावी, त्वचा तापलेली किंवा घामेजलेली लागली तर एक थर कमी करून बाळाला आत न्यावे. अंगावरचे दूध अधिक वेळा पाजावे, वरचे पाणी या वयात देऊ नये.

ड जीवनसत्त्वासाठी ऊन हवेच, अशी शंका घरातल्या वडीलधाऱ्यांकडून हमखास येते, आणि ती रास्त आहे. पण ते बनवणारी ‘बी’ गटाची किरणे सकाळच्या कोवळ्या उन्हात फारच थोडी असतात आणि ती भरपूर असतात तेव्हा बाळाला उन्हात ठेवणे योग्य नाही. म्हणूनच पहिल्या वर्षात रोज ४०० आययू (जीवनसत्त्वाची मात्रा मोजण्याचे एकक) ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यावेत, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची शिफारस आहे.

कपड्यातून उघडे राहिलेले भाग म्हणजे चेहरा, कानांच्या पाळ्या, पंजांच्या आणि पावलांच्या वरच्या बाजू. सहा महिन्यांनंतर तिथे झिंक ऑक्साइड असलेले, एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन लावावे आणि दर दोन तासांनी, तसेच पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे. मे महिन्यातली वाळू तळवे भाजेल इतकी तापते, म्हणून पायांत बंद चपला हव्यात. इतके करूनही त्वचा लाल, गरम झालीच तर मुलाला लगेच आत न्यावे, गार पाण्यात भिजवून पिळलेले मऊ कापड त्यावर ठेवावे आणि बर्फ, टूथपेस्ट किंवा तूप लावू नये. एक वर्षाच्या आतल्या बाळाला ऊन भाजले, किंवा कोणत्याही वयाच्या मुलाला फोड, ताप, उलट्या किंवा गळून गेल्यासारखी सुस्ती आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.